पावडर किती घातली?

आमच्या गटाच्या फळप्रक्रिया केंद्रातली बहुतेक कामं मला येतात. रातांबे फोडणं, आंब्याचा गर काढणं, पाक गाळणं, बाटल्या उकळणं, बुचं बसवणं. एक काम मात्र मी करत नाही. पांढऱ्या पावडरीची बरणी उघडायची वेळ आली की मी उठून बाहेर पडवीत जाते आणि आतून "झालं गो, ये" अशी हाक आली की परत येते. नव्याने आलेल्या बायकांना सुरुवातीला हे नखरे वाटतात. "नुसत्या वासानं काय होतंय?" असं एखादी विचारते. मग जुन्यांपैकी कुणीतरी तिला सांगतं, "तिची छाती भरते," आणि विषय तिथेच संपतो.

ती पावडर म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. एवढं लांब नाव कामाच्या घाईत कोण घेणार? आम्ही केएमएस म्हणतो, नाहीतर नुसतं पावडर. लेबलवर तिचा क्रमांक २२४. आंबट रसात पडली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. बुरशी आणि रस आंबवणारं यीस्ट त्याच्यापुढे टिकत नाही, आणि आंब्याचा पिवळा रंगही काळवंडत नाही. वास नाकात झोंबणारा, काडी पेटवल्यावर येतो तो. इतरींना एखादी शिंक येते, डोळ्यांत पाणी येतं, ते पदराला पुसून त्या कामाला लागतात. माझ्या छातीवर मात्र कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं होतं. श्वास आत जातो, बाहेर येताना अडतो आणि शिट्टी वाजायला लागते. कमरेच्या पिशवीत पंप असतोच. तो ओढून स्वस्थ बसायचं, बोलायचं नाही.

दमा मला लहानपणापासून आहे. मंडणगड तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरशीचा वास येतो. त्या दिवसांत दमा उठणं घरच्यांनी आणि मीही धरूनच ठेवलं होतं. केंद्रात जायला लागल्यावर तो भर मे महिन्यात, कडक उन्हात उठायला लागला, तेव्हा कोडं पडलं. हातावर टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी झाली. तिच्यात घरातल्या धुळीतले बारीक किडे निघाले, पावडरीबद्दल काही निघालं नाही. निघणारही नव्हतं. सल्फाइटचा त्रास बहुतेकांत नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या वाटेने होतच नाही, त्यामुळे टोचून तो सहसा सापडत नाही. शेवटी मुंबईला एका मोठ्या इस्पितळात आंबट सरबतातून तो पदार्थ थोडा थोडा वाढवत पाजला आणि दर वेळी यंत्रात जोराने फुंकायला लावलं. फुंकीचा जोर सुरुवातीपेक्षा वीस टक्क्यांनी घसरला की तपासणी थांबवतात. माझी लवकरच थांबवली. ही तपासणी घरी कुणी करून पाहू नये, ती डॉक्टर आणि औषधं हाताशी असतानाच करायची असते. दम्याच्या रुग्णांपैकी शेकडा तीन ते दहा जणांना सल्फाइट बाधतो असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अमेरिकेत हॉटेलांतल्या कापून ठेवलेल्या सॅलडवर तो फवारायचे, माणसं दगावली, आणि १९८६ साली कच्च्या खायच्या फळांवर-भाज्यांवर त्याला बंदी आली, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर पहिला सल्ला मिळाला तो काम सोडण्याचा. दुसरा, 'केमिकल' खाणं बंद करण्याचा. काम सोडायचं नव्हतं. आणि केमिकल बंद करायचं म्हणजे नेमकं काय बंद करायचं, हे सल्ला देणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येईना.

मी ज्या पावडरीला भिते तिच्यावाचून आमचं चालत नाही. मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड. इथे रेल्वे नाही. माल एसटीने नाहीतर टेम्पोने खेडला, महाडला, मुंबईला जातो. आंबा आणि रातांबा दोघेही मे महिन्यात एकदम अंगावर येतात, मृगाच्या आत सगळं उरकावं लागतं. पुढे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. बाटली विकली जाणार गणपतीला चाकरमानी आला की, आणि ती फोडली जाणार विरारला नाहीतर डोंबिवलीला, कदाचित पुढच्या शिमग्याला. तोवर तिने फसफसायचं नाही, बूच उडवायचं नाही. जुन्या बायकांनी हे मिठावर, साखरेवर आणि उन्हावर निभावलं. आगळात मीठ इतकं असतं की त्यात काही वाढत नाही. आमसुलं रातांब्याच्याच रसाचे पुट देत देत वाळवलेली. फणसपोळी, आंबापोळी उन्हात. पण आंब्याचं पेय बाटलीत भरून ठेवायचं, तेही फार गोड किंवा खारट न करता, हे उन्हाचं काम नव्हे.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपलं. आमच्या केंद्राचे पत्रे उडाले, पण तो भाग निराळा. वीज गेली ती किती तरी दिवस आली नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेला आंब्याचा गर, ज्यात आम्ही काहीही घातलं नव्हतं आणि ज्याचा आम्हाला अभिमान होता, तो सगळा आंबून फुगला. आवाठात खड्डा खणून पुरला आम्ही तो. मोडक्या फळीखाली स्क्वॅशच्या बाटल्या मात्र जशाच्या तशा होत्या, पावडर घातलेल्या. त्या वर्षी गटाचं कर्ज त्या बाटल्यांनी फेडलं. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर संरक्षक द्रव्यांना सरसकट शिव्या घालायला लागलं की मी गप्प बसते, पण मान हलवत नाही.

आता कोकमाचं. लोकांना वाटतं, कोकम सरबतातही हीच पावडर. तसं नसतं, आणि ते मला प्रशिक्षणात डोळ्यांनी बघायला मिळालं. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, इकडच्या पंचक्रोशीत फळप्रक्रिया शिकलेल्यांच्या बोलण्यात त्याचं नाव येतंच. आमच्या प्रशिक्षणात बाईंनी काचेच्या दोन पेल्यांत रातांब्याचा रस ओतला, गडद लाल, उजेडात धरला की जांभळट. एका पेल्यात त्यांनी केएमएसची चिमूट टाकून ढवळलं. (मी दाराशी उभी होते, नाकाला ओला पंचा लावून.) लाल रंग कडेने फिका पडायला लागला, मग मधोमध, आणि बघता बघता पेल्यात आजारी गुलाबी पाणी उरलं. रातांब्याचा रंग ज्या द्रव्याने येतो, त्याला सल्फाइट धुऊन काढतो. म्हणून लाल-जांभळ्या फळांना, म्हणजे कोकमाला, जांभळाला, सोडियम बेंझोएट घालतात, क्रमांक २११. आंब्याला, लिंबाला, अननसाला केएमएस. बेंझोएटने काहींच्या अंगावर पित्त उठतं. मला काही होत नाही. असं झालं की माझ्या आजोळच्या आगरातल्या आंब्याचा स्क्वॅश मला वर्ज्य आणि बाजारातलं लालभडक कोकम सरबत चालतं. आंबा मी खाते, भरपूर खाते. रस काढून लगेच वाढला की काही भीती नाही.

जिभेवर आणि छातीवर पहारा ठेवून जगायला लागल्यावर मला सल्फाइट कुठे कुठे भेटला ते सांगते, कारण यादी बघितली की शुद्ध खाण्याच्या गप्पा जरा खाली येतात. पांढरी साखर. आपल्याकडचे बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, आणि साखरेत किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड राहिला तरी कायद्याला चालतो. गूळ. तो पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस नावाची पावडर टाकतात, तीही गंधकाचीच बहीण. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ काळपट, तांबूस दिसतो, म्हणून गिऱ्हाईक तो मागे सारतं. गणपतीत मोदकांना पिवळा गूळच हवा असतो सगळ्यांना. मग सोनेरी बेदाणा, त्याला गंधकाची धुरी. पांढरीशुभ्र सुंठ. ट्रॉलरवरची कोळंबी, तिची डोकी काळी पडू नयेत म्हणून. आमच्याकडे बाणकोट-वेसवीच्या खाडीतली मिळते तेव्हा मी तीच घेते, कोळीणमावशीला दोन रुपये जास्त देऊन.

पण यादी एवढी लांबलचक असली तरी मी जगते बऱ्यापैकी सुखाने, याचं कारण प्रमाण. चहातल्या दोन चमचे साखरेत, नियमातला वरचा आकडा धरला तरी, मिलिग्रॅमभरसुद्धा सल्फाइट येत नाही. मोदकाचं सारण शिजताना वायू बराचसा उडून जातो. माझं खरं भांडण आहे ते आंबट, थंड पेयाशी. त्यातून वायू तोंडातच सुटतो आणि घोट घेताना श्वासावाटे आत जातो. पहिल्या दोन घोटांतच मला कळतं.

आणि आजवरचा माझा सगळ्यात वाईट अटॅक कारखान्यातल्या पेयाने आलेला नाही. तो आला एका हळदीला, नात्यातल्याच घरी. उन्हातून आल्यावर हातात पेला दिला, कैरीचं पन्हं, स्क्वॅश करून ठेवलेलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं. जाऊबाई दुखावल्याच. "घरचं आहे गो, केमिकल कशाला घालू?" मी घोट घेतला. पुढचं सगळं झाल्यावर, पंप ओढून, पाठ चोळून घेऊन, खाटेवर बसल्यावर मी पुन्हा विचारलं. त्या अगदी खऱ्या मनाने म्हणाल्या, "काही नाही घातलं, नुसती पावडर."

किती घातली? चमचाभर. कशात? होतं किलो-दीड किलो.

पावडर आणली होती बाजारातून, प्लॅस्टिकच्या पुडीत, वर नाव नाही, तारीख नाही. आंब्याच्या दिवसांत अशा पुड्या सहज मिळतात. आता हिशेब करा. स्क्वॅशमध्ये कायद्याने सल्फर डायऑक्साइड चालतो तो किलोला ३५० मिलिग्रॅम. पावडरीचं साधारण निम्म्याहून थोडं जास्त वजन वायूत उतरतं, म्हणजे दहा किलो स्क्वॅशला सहा ग्रॅम पावडर पुरते. एका सपाट चमच्यात पाचेक ग्रॅम मावते. जाऊबाईंनी आठ-दहा किलोचं संरक्षण किलो-दीड किलोत ओतलं होतं, प्रेमाने. आमच्या केंद्रात सोनाराकडे असतो तसला बारीक काटा आहे, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा, आणि भिंतीवर लिहिलेला तक्ता आहे. चिमूट नाही, चमचा नाही. पावडरीची बरणी घट्ट बंद, कारण ओल लागली की तिचे खडे होतात आणि जोर कमी होतो, मग बायका अंदाजाने जास्त घालतात.

तरीही ३५० हा आकडा सगळ्यांसाठी बिनधोक आहे असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने रोज आयुष्यभर चालेल अशी मर्यादा ठरवली आहे ती वजनाच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला ३५. पंधरा किलोच्या पोराला साडेदहा. एका पेल्यात पन्नास ग्रॅम स्क्वॅश घातला तर नियमात बसूनही साडेसतरा मिलिग्रॅम होतात. मे महिन्याच्या सुट्टीत पोरं दिवसाला किती पेले पितात ते ज्याने त्याने आपल्या घरी मोजावं.

एक गोष्ट मी शिकले ती म्हणजे सगळी द्रव्यं एका पिशवीत न भरणं. एसटी स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर मी खाल्लं की ओळखीचे लोक हटकतात, "तुला चालतं हे? अजिनोमोटो असतो ना त्यात?" १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, चिनी हॉटेलात जेवलं की मानेला मुंग्या येतात म्हणून, आणि त्या पांढऱ्या दाण्यांची बदनामी झाली ती आजतागायत. नंतर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही न कळू देता केलेल्या चाचण्यांत तो त्रास सातत्याने दिसला नाही. मला तरी त्याचं काही होत नाही.

रंगांचं वेगळं आहे. २००७ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांनी लहान मुलांना सहा कृत्रिम रंग आणि बेंझोएट यांची मिश्रणं देऊन पाहिली, मुलांचा चळवळेपणा काहीसा वाढलेला आढळला, आणि २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या खाऊवर तसा इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोंसो हे चार आपल्याकडच्या परवानगीच्या आठ रंगांत आहेत. २०२४ साली म्हापशात गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर पालिकेने बंदी आणली, कर्नाटकाने त्यातला रंगच बंद केला, तमिळनाडूत कापसाची मिठाई गेली. ती तर कपड्याच्या रंगाची निघाली होती. आमच्याकडच्या जत्रेत तीच गुलाबी मिठाई पोरं गालाला फासून हिंडतात. खाजं घ्या म्हटलं तर तोंड वाकडं करतात. खाजं गुळाचं, आल्याचं; ते मीही खाते, गूळ काळा असेल तर.

माझ्यासारख्या माणसाला शेवटी कंपनीचं पाकीट परवडतं, हे सांगताना मलाच कसंतरी होतं. मी घरगुती मालच विकते ना! पण पाकिटावर २२४ असं छापलेलं असतं, २२० असतं, २२३ असतं, आणि मी ते ठेवून देते. २०२० च्या लेबलिंग नियमांत किलोला दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर तसं सांगणं बंधनकारक झालं, शेंगदाणा, दूध, अंडं, मासे यांच्याच रांगेत. लग्नघरातल्या पेल्यावर काहीच छापलेलं नसतं. तिथे विचारणं हाच उपाय, आणि विचारलं की माणसं दुखावतात. मी आता प्रश्न बदलला आहे. "केमिकल घातलंय का?" असं विचारत नाही. "पावडर किती घातली?" असं विचारते, घातली आहे असं धरूनच. उत्तर लगेच आणि खरं मिळतं.

सध्या गटात वाद चालू आहे तो लेबलचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सल्फाइटचा उल्लेख आहे, नियमात बसतो. माझं म्हणणं, पुढच्या बाजूला, मराठीत, ठळक लिहावं: दमा असणाऱ्यांनी जपून. अध्यक्षबाईंचं म्हणणं, एवढं मोठं लिहिलं की लोक पुढचं वाचणारच नाहीत, शेजारची बाटली उचलतील, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही आणि जिच्यात चमच्याने घातलेलं आहे. त्यांचं अगदी चूक नाही. एका प्रदर्शनातल्या आमच्या स्टॉलवर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रामाणिक लेबल वाचून गिऱ्हाईक "यात केमिकल आहे" म्हणतं आणि बिनलेबलची बाटली घेऊन समाधानाने जातं. शिवाय छापलेल्या लेबलांचे गठ्ठे पडून आहेत, आणि छापखानावाला थोडी लेबलं छापून देत नाही.

तेव्हा जुनी लेबलं संपेपर्यंत फोनवरच्या ऑर्डरी मी घेते, असं ठरलं आहे. आंब्याचा स्क्वॅश मागितला की मी आधी विचारते, घरात कुणाला दमा आहे का. असेल तर आगळ घ्या म्हणते, नाहीतर कोकम. काही जण चक्रावतात, काही म्हणतात, अहो तुम्ही विकायला बसलाय की नाही? स्क्वॅशच्या थोड्या बाटल्या कमी जातात, आगळाच्या तेवढ्याच जास्त. महिन्याचा हिशेब मीच लिहिते, तेव्हा हे अध्यक्षबाईंना आकड्यांनिशी दाखवता येतं. पुढच्या बैठकीत दाखवणार आहे.